कमी ऐकणाऱ्यांच्या अपॉइंटमेंट्स

रिसेप्शनवर बसणाऱ्या बाईला किस्से शोधायला जावं लागत नाही. माणसं येतात, खुर्चीत बसून वाट बघतात आणि जाताना काहीतरी माझ्या टेबलावर ठेवून जातात. घरी गेल्यावर सांगायला कुणी असलं, तर ते त्याच दिवशी संपतात. माझ्याकडे साठलेत.

आमचं क्लिनिक अंधेरी पश्चिमेला. मॅडम पेशंटचे कान तपासतात, कानाची मशीनं बसवून देतात. मी वेळा देते. अकरा वर्षं जाड वहीत पेन्सिलीने दिल्या. मग एका सकाळी मॅडमनी वही कपाटात टाकली आणि कॉम्प्युटरवर कॅलेंडर उघडून दिलं. नवीन पेशंट हिरवा, जुना निळा. वेळेच्या चौकटीवर क्लिक करायचं, नाव टाकायचं, झालं. “वहीपेक्षा सोपंय, सुलभाताई,” म्हणाल्या. मी तेव्हा त्रेपन्न वर्षांची. माउस धरला की बाण भलत्याच चौकटीवर जायचा.

*

पहिल्याच आठवड्यात नाडकर्णी काका बरोबर अकराला हजर. कॅलेंडरमध्ये त्यांचं नावच नाही. काका एकटे राहतात, वेळेचे पक्के, त्यामुळे चूक माझीच असणार. शोधता शोधता नाव सापडलं. तारीख तीच, वेळ तीच, फक्त वर्ष पुढचं! मी शरमेने माफी मागितली आणि ती नोंद पुसायला लागले.

काकांनी मला थांबवलं. “राहू दे. पुढच्या वर्षी मी असणार, असं कुणीतरी लिहून ठेवलंय. बरं वाटतं.”

मी ती तशीच ठेवली. पुढच्या वर्षी त्या तारखेला काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. कानाची काही तक्रार नव्हती.

*

फोनवर वेळ देणं हा आमच्याकडे वेगळाच प्रकार. वर्सोव्याच्या हिराबाई मासळी विकतात. त्यांना मी बुधवार सांगितला, त्या गुरुवारी आल्या. परत बुधवार दिला, परत गुरुवारी आल्या. तिसऱ्यांदा मी फोनवर इतकी ओरडले, की वाट बघणारे दोन पेशंट, मशीन लावलेलं नसतानाही, दचकून माझ्याकडे बघायला लागले. हिराबाई गुरुवारी आल्या.

क्लिनिक भरलेलं होतं. मी जरा चिडूनच म्हटलं, की मावशी, मी तीन वेळा बुधवार म्हणून सांगितलं होतं.

हिराबाईंनी पदराने कपाळ पुसलं. “अगो बाय, तुझं ऐकू आलं असतं तर तुझ्याकडं आले असते का?”

तेव्हापासून कॅलेंडरमध्ये त्यांना मी गुरुवारचीच वेळ देते. फोनवर बुधवार म्हणते.

*

परबकाका कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. कान तिथल्या खडखडाटातच गेले. परबकाकूंनी किती वर्षं मागे लागून त्यांना मशीन लावायला आणलं. आठवड्याने तपासणीची वेळ दिली, तर काकू एकट्याच आल्या. मशीन बिघडलंय, आवाज वाढवून पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी फोनवर काकांशी बोलून खात्री केली. काकांना सगळं नीट ऐकू येत होतं. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजून सांगितल्या त्यांनी.

काकू माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. इतकी वर्षं त्या एकट्याच बोलत होत्या आणि यांना ऐकू येत नाही, अशी मनाची समजूत घालत होत्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “आता ऐकाक येता, तरी बोलनत नाय.”

मी सवयीने विचारलं, पुढच्या महिन्याची वेळ देऊ का. काकू म्हणाल्या, दे. नाव यांचं टाक, पण येईन मी.

दर महिन्याला येतात. मी अर्धा तास धरते.

*

आता माझी स्वतःची फजिती. कॅलेंडर मॅडमच्या फोनमध्येही दिसतं. एकदा त्या म्हणाल्या, की तुमच्या सुट्ट्या पण त्यात टाकत जा, दोन वर्षांत तुम्ही एकही घेतलेली दिसत नाही. सुट्टी घेऊन मी घरी काय करणार, ‘सुलू’ म्हणून हाक मारणारं तिथे कुणी उरलेलं नाही, हे त्यांना कसं सांगायचं? मी शनिवार धरला आणि लिहिलं, ‘मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा, दहिसर.’ मला मावसबहीण नाही.

शनिवारी सकाळीच मॅडमचा मेसेज आला, मजा करा म्हणून. मला घरात बसवेना. चांगली साडी नेसले, बस पकडून दहिसरला गेले, एका हॉटेलात मसाला डोसा खाल्ला. वेटरने विचारलं, बाई, अजून कुणी येणार आहे का. मी म्हटलं, हो, पण त्यांना उशीर होईल. तासभर बसले आणि परत आले.

सोमवारी मॅडमनी विचारलं, मुलगा कसा आहे. चांगला आहे, म्हटलं. तिथून जे सुरू झालं ते थांबेना. लग्नासाठी दोन दिवस रजा झाली, डोहाळजेवणाला एक. मागच्या महिन्यात त्या जोडप्याला मुलगी झाली. बारशाला मॅडमनी झबलं घेऊन दिलंय. ते माझ्या कपाटात आहे.

*

यंदा मात्र कॅलेंडरमध्ये चुका फारच व्हायला लागल्या. सानेंच्या जागी साठे, दहाच्या जागी सहा. एकदा तर एकाच वेळेला दोन पेशंट समोरासमोर उभे राहिले. मी कॉम्प्युटरला दोष दिला.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडर उघडलं, तर जेवणाच्या सुट्टीत, दीड वाजता, हिरव्या रंगात एक नाव होतं. सुलभा.

कानाच्या क्लिनिकमध्ये कमी ऐकणारी रिसेप्शनिस्ट कोण ठेवणार? पुसून टाकावं असं वाटलं. पण ते मॅडमनीच लिहिलं होतं.

दीडला मॅडमनी दाराला आतून कडी घातली. तपासणीच्या केबिनमध्ये बाहेरचा काही आवाज येत नाही. हेडफोन लावायचा, बारीकसा टूं आवाज आला की बटण दाबायचं. इतकी वर्षं मीच लोकांना हे समजावत आलेय. आत बसल्यावर कळलं, की किती शांत असतं. मी जीव कानात आणून बसले आणि जमेल तसं दाबत गेले.

बाहेर आल्यावर मॅडमनी आलेख दाखवला. दोन्ही कान थोडे उतरले होते, मशीन लागणार होतं. मी विचारलं, नोकरीचं काय. त्या म्हणाल्या, मशीन लावून इथेच बसा, पेशंटना धीर येईल. माझे डोळे भरले.

मग त्यांनी एका जागी पेन टेकवलं. तिथे त्यांनी आवाज दिलाच नव्हता, तरी मी बटण दाबलं होतं. दोनदा. त्यांनी विचारलं, काय ऐकलंत?

“टूं नव्हतं ते,” मी म्हटलं. “‘सुलू’ अशी हाक आली.”