मामीच्या वेचणीचा भाव

नवीन जालन्यात मी बियाण्याच्या एका कंपनीत होते, तेव्हा ब्राझीलहून एक पाहुणे आले. मोठे कापूसवाले. किलोभर कापूस पिकवायला तिकडे किती खर्च येतो अन् इकडे किती, हे त्यांना ताडून पाहायचं होतं. इंग्रजी बोलणारी आणि मामा कापूस पिकवणारा, अशी ऑफिसात मी एकटीच. मग काय, त्यांना घेऊन अंबडकडे मामाच्या शेतावर गेले.

मामाने बियाणं, खत, फवारणी, सगळं धडाधड सांगितलं. पाहुण्यांनी वेचणीचं विचारलं.

"त्याला खर्चाच न्हाई," मामा खुशीत म्हणाला. "घरचीच माणसं हायेत."

घरचीच माणसं म्हणजे मामी. ती कमरेला ओटी बांधून आमच्या मागेच वेचत होती.

मी इंग्रजीत सांगितलं तसा पाहुण्यांचा चेहरा पडला. आमच्याकडे एवढाली यंत्रं, तरी या खर्चात तुमच्याशी टक्कर देणं अवघड, असं ते म्हणाले. मामाची छाती फुगली. आपण ब्राझीलला मागं टाकलं, हे त्याने बांधापलीकडच्या शेजाऱ्याला तिथूनच ओरडून सांगितलं.

मामीने हात न थांबवता मला विचारलं, "यायची बायको वेचती का गं कापूस?"

मी पाहुण्यांना विचारलं. त्यांची बायको शहरात दातांची डॉक्टर होती.

"मंग ती दात फुकटात काढती का?"

हे मी इंग्रजीत केलं नाही. मामी तुम्हाला चहा विचारतेय, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मामी शेजाऱ्याच्या रानात वेचायला गेली, किलोचा भाव ठरवून. चार दिवसांत राग उतरेल असं मामाला वाटलं. राग उतरला नाही. इकडे बोंडं फुटून कापूस लोंबायला लागला आणि ऐन हंगामात बायका मिळेनात. शेवटी वाढीव भाव कबूल करून, जायला-यायला रिक्षा देऊन, त्याने दुसऱ्या गावाहून बायका आणल्या. मग मला फोन केला.

"त्या साहेबाला जल्दी कळव, आपला खर्चा वाढला म्हणून."

मी कळवलं. तिकडून उत्तर आलं की त्यांचा अहवाल छापून झालाय. इकडचा कापूस स्वस्त का पडतो, याचं एक कारण त्यात दिलं होतं: कुटुंबाचा जिव्हाळा. मी ते मामाला वाचून दाखवलं.

संक्रांतीला गेले तेव्हा मामी परत स्वतःच्याच शेतात होती. भाव शेजाऱ्याचाच, आणि तो रिक्षावाल्या बायकांसमोर कबूल करून घेतलेला. संध्याकाळी सगळ्या बायका आपापली गाठोडी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, त्यांच्यात मामीही. तिची पाळी आली तेव्हा मामाने गाठोडं काट्याला लटकवलं आणि भरभर आकडा सांगून टाकला.

"थांबा ओ," मामी म्हणाली. "काटा अजून हालून राह्यला."

मामा काटा स्थिर व्हायची वाट बघत उभा राहिला.