येथे वाजवू नये

समजा, तुमच्या मांडीवर गिटार आहे. सहाही तारा तुम्ही सूर दाखवणाऱ्या यंत्राशी जुळवल्या आहेत. मोकळी तार छेडली की यंत्राचा काटा अगदी मधोमध उभा राहतो. आता गिटारच्या मानेवर, म्हणजे लांब दांड्यावर, ज्या आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, ज्यांना पडदे म्हणतात, त्यांतल्या दुसऱ्या पडद्यापाशी बोट दाबून तीच तार छेडा. सूर किंचित चढा लागतो. अगदी किंचित, पण कानाला खुपतो. दोष कुठे शोधाल? तारा जुन्या झाल्या असतील. मानेच्या टोकाशी तार जिथे बसते ती खाच उंच राहिली असेल. दुसऱ्या टोकाची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी, जागची हलली असेल. एकेक तपासत गेलात की सापडतो. आणि नाहीच सापडला तर?

तर मेकॅनिक म्हणायचा, "नाचता येईना अंगण वाकडं."

त्याला सगळी गल्ली मेकॅनिकच म्हणायची, कारण गिटारबद्दल तो इंजिनाबद्दल बोलावं तसा बोलायचा. जिन्याच्या वळणावर त्याची खोली होती. भिंतीवर माना अडकवून टांगलेल्या गिटारी, खिडकीखाली जाड कापड अंथरलेलं टेबल, आणि दारातच पाटी: 'येथे वाजवू नये'. गिटार दुरुस्तीच्या दुकानात अशी पाटी म्हणजे खाणावळीत 'येथे जेवू नये' लिहिण्यासारखं, असं त्याची बायको म्हणायची. पण हा नियम त्याच्या उस्तादाचा होता. गिऱ्हाईक एकदा वाजवायला लागलं की काम राहतं बाजूला. तेव्हा दुरुस्ती झाली की मेकॅनिक स्वतः एकेका पडद्यावर तार दाबून काटा दाखवायचा आणि गिटार पिशवीत घालून हातात द्यायचा. गिटारीला बांधलेल्या चिठ्ठीवर काय दोष निघाला ते लिहायचा. काटा बरोबर असूनही कुणी परत तक्रार घेऊन आलं, तर चिठ्ठीवर एकच शब्द पडायचा: 'कान'.

ताईच्या गिटारीच्या चिठ्ठीवरही त्याने शेवटी तोच शब्द लिहिला होता.

ताई त्याची बहीण, त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. लहान मुलांच्या शाळेत गाणं शिकवायची. चार महिन्यांपूर्वी तिच्या वाढदिवसाला मेकॅनिकने तिच्या गिटारीचे झिजून सपाट झालेले पडदे काढून नवे बसवले होते. चांगले उंच, चकचकीत, त्याला स्वतःला आवडतात तसे. पंधरा दिवस खपला होता. महिन्याभरात ताई परत आली. सूर चढतोय म्हणाली. त्याने तारा बदलल्या. पुन्हा आली. त्याने खाच घासली. तिसऱ्यांदा आली तेव्हा घोडीसुद्धा घासून नीट केली. दर वेळी काटा मधोमध.

"ताई, गिटारीत काही नाही," तो शेवटी म्हणाला होता. "वयाबरोबर कानही उतरतो."

ताई गिटार उचलून निघून गेली होती, आणि ते तिने मनावर घेतलं होतं.

आज दुपारी ती गिटार घेऊन आली, तिने ती टेबलावर ठेवली आणि पर्समधून पाकीट काढून दाखवलं.

"काय गं हे?"

"राजीनामा. उद्या देणार. मुलं माझ्या सुरावर गातात रे. माझाच कान गेला तर बत्तीस पोरांचे कान बिघडवू का मी? गिटार तू ठेव, कुणाला उपयोगी पडली तर बघ."

सवयीने मेकॅनिकने गिटारीच्या टोकाला काट्याचं यंत्र चिमट्यासारखं अडकवलं आणि तारा जुळवून दिल्या.

"एकदा वाजवते," ताई म्हणाली. "का तुझी पाटी रागावेल?"

"बस गं."

ती स्टुलावर बसली, डावा हात मानेवर ठेवला आणि वाजवायला लागली. मेकॅनिकने काट्याकडे पाहिलं. काटा उजवीकडे कलला. दुसरी तार, परत उजवीकडे. मग त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं. नखं पांढरी पडली होती.

"ताई, तू तार दाबतेस की कपडे पिळतेस?"

"मग? आपल्या घरातली ती पहिली गिटार आठव. तारा इतक्या उंच की खालून उंदीर जाईल. जीव खाऊन दाबल्याशिवाय वाजायचीच नाही. तुझ्या हातात आली तेव्हा तू तिच्या तारा खाली घेतल्यास. मी तशीच शिकले."

मेकॅनिक स्टुलासमोर उकिडवा बसला. सगळं समोर होतं. तार पडद्याला टेकली की सूर लागतो. त्याहून जास्त दाबली तर ती आणखी खाली जाते, ताणली जाते, सूर चढतो. जुने पडदे इतके बुटके झाले होते की ताईचं बोट लगेच लाकडाला टेकायचं, पुढे दाबायला जागाच नव्हती. उंच पडद्यांनी ती जागा करून दिली. त्याचं स्वतःचं बोट हलकं, म्हणून त्याला काटा मधोमध दिसत होता. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते त्यानेच करून ठेवलं होतं.

"कान शाबूत आहे तुझा," तो म्हणाला. "माझ्या यंत्राला दिसत नव्हतं ते तुला ऐकू येत होतं. जरा हलकं दाबून बघतेस?"

"एक पोर रडतंय, एक पळतंय, एकाला शू लागलीय, त्यात मी बोटं हलकी ठेवू? चाळीस वर्षांची सवय आहे, मेकॅनिक. हात बदलून मिळतो का तुझ्याकडे?"

"नाही."

त्याने तारा उतरवल्या, लांब कानस घेतली आणि स्वतः बसवलेले पडदे घासायला सुरुवात केली. ताई चहा घेऊन आली, पेपर वाचून संपवला, एक डुलकीही काढली. संध्याकाळी ती पुन्हा वाजवायला बसली तेव्हा काटा जवळजवळ मधोमध राहिला. तिसरी तार थोडी कुरकुरत होती, पण ती सगळ्यांचीच कुरकुरते. ताईने डोळे मिटून पुन्हा तोच सूर लावला, मग पुन्हा. "हं," म्हणाली, आणि पाकीट दुमडून टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

ती गेल्यावर मेकॅनिकने दारातली पाटी काढून भिंतीशी उलटी टेकवून ठेवली. मग खिळ्याला अडकवलेली जुनी तार खाली घेतली. गिटार परत देताना काढून घेतलेल्या चिठ्ठ्या तो त्या तारेत ओवून ठेवायचा. 'कान' लिहिलेल्या वेगळ्या काढल्या. ताईची सोडून एकतीस निघाल्या. त्यांतल्या एकाही माणसाला त्याने कधी वाजवताना पाहिलं नव्हतं. काही चिठ्ठ्यांवर फोन नंबर होते. त्याने त्यांतली सगळ्यात वरची चिठ्ठी हातात घेतली आणि फोन उचलला. विचारायचं एवढंच होतं: तुम्ही अजून वाजवता का?