झाडबेडकीला दूध संस्थेचं सभासद करून घेताना

झाडबेडकीचं फेसाचं घरटं बघायला मी चार पावसाळे आंबोलीच्या जंगलात घालवले. जळवांनी रक्त प्यायलं, घसरून मनगट मोडलं, घरटं काही दिसलं नाही. आणि यंदा हॉस्टेलवरची जुनी मैत्रीण वंदना फोनवर म्हणते, "अगं, आमच्या हौदाच्या भिंतीला मूठभर फेस चिकटलाय. आबा म्हणतात, मी दुधात साबणाची पावडर घालते. ये बाई लवकर!" वंदना तलवाड्याजवळच्या एका गावात दूध संस्थेची सचिव आहे आणि आबा अध्यक्ष. आषाढ निम्मा सरला होता, पाऊस नव्हता. मी तासाभरात एसटीत होते.

तुम्हाला जायचं असेल तर सांगते. संभाजीनगरहून बीडची गाडी धरा, गेवराईला उतरा. रस्ता झकास आहे. स्टँडसमोर गरम भजी खा आणि पाण्याच्या बाटल्या तिथंच घ्या. पुढं कुणाच्या घरी पाणी मागायला जीभ रेटत नाही. तलवाड्याची जीप माणशी चाळीस रुपये घेते आणि गच्च भरल्याशिवाय हलत नाही.

"कावून चाललात?" ड्रायव्हरनं विचारलं.

"बेडूक बघायला."

"हितं माणसाला पाणी न्हाई, अन् बेडूक!" त्यानं ही बातमी अख्ख्या जीपला सांगितली. मला मात्र लगेच खिडकीची जागा मिळाली.

हौदावर पोचले तर खरंच! पाण्याच्या वर हातभर, भिंतीला पिवळट फेसाचा गोळा. शेजारच्या पाइपामागं बेडकी पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून बसलेली. अंगातलं पाणी उडू नये म्हणून ती दिवसभर अशीच बसते. मादी मागच्या पायांनी स्राव घुसळून फेस करते आणि त्यात अंडी घालते. फेस वरून वाळतो, आत ओल राहते. तीन-चार दिवसांनी तो विरघळतो आणि पिल्लं खाली पाण्यात पडतात. मला रडूच आलं. वंदनावरचा आळ तिथल्या तिथं फिटला.

पण संकट पुढंच होतं. हौद गळत होता, म्हणून टँकरचं पाणी शनिवारी ड्रममध्ये काढायचं ठरलेलं. पिल्लं पडणार रविवारी, कोरड्या सिमेंटवर. मी म्हटलं, फेसाखाली एक घमेलं पाणी ठेवा, बाटल्यांतलं मी देते.

"संस्थेच्या हौदात भायेरचं पाणी चालत न्हाई, म्याडम. अन् संस्थेचं पाणी फक्त सभासदाला. बेडूक सभासद हाय का?" आबा म्हणाले.

"मग करून घ्या की!" वंदना म्हणाली. "नाममात्र सभासदाला दूध घालावं लागत नाही."

मला वाटलं, आता हसतील. कसलं काय! आबांनी चष्मा लावला, संचालकांना बोलावलं आणि अर्जाचा कागद मागवला. चहा झाला. मग सहीवर गाडी अडली. एक जण म्हणाला, अंगठा घ्या. बेडकीला शाई लावायला मी साफ नकार दिला.

"तिच्या वतीनं मी करते सही."

"वय काय तिचं?" आबांनी विचारलं.

"अंडी घातलीत म्हणजे मोठीच आहे."

"मंग सज्ञान हाय. सही तिनंच कराया पायजे."

माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "अहो, मग पिल्लांना करा सभासद! ती तर अज्ञान आहेत!"

आबांनी मान डोलावली. "ह्ये कायद्यात बसतंय." अर्जावर लिहिलं गेलं: फेसातली पिल्लं, राहणार हौदाची भिंत, आणि पालनकर्ती म्हणून माझं नाव-पत्ता. ठराव एकमतानं मंजूर.

शनिवारी हौद रिकामा झाला, फेसाखाली संस्थेच्या पाण्याचं घमेलं आलं. रात्री वंदनाकडं पिठलं-भाकरी आणि ठेचा खाल्ला, पण माझं लक्ष नव्हतं. रविवारी सकाळी फेसाचा तळ पातळ झाला. आबा चपला काढून हौदात उतरून बसले होते. टप. मग टप टप टप.

"पडली की वो पोरं!" आबा एवढ्या जोरात ओरडले की दूध घालायला आलेले लोक कॅन टाकून धावले. दुपारच्या जीपनं मी परत निघाले.

घरी आल्यावर रोज फोन. घमेलं भरलं का? भरलं. पाय फुटले का? मागचे फुटले. भर दुष्काळात ते गाव माझ्या पिल्लांसाठी तांब्या-तांब्या पाणी घालत होतं आणि मी इथं शॉवर घ्यायला लाजू लागले. मी बादली घेते आता.

अडीच महिन्यांनी तिकडं पाऊस झाला. मागोमाग संस्थेचं पत्र आलं, शिक्का मारलेलं, खाली आबांची सही:

"आपले पाल्य दिनांक चारच्या पावसात स्वतःच्या पायांनी निघून गेले आहेत. सबब ते सज्ञान झाल्याचे समजून पालनकर्ती म्हणून आपले नाव कमी करण्यात येत आहे. घमेले जागेवर ठेवले आहे."

मी ते पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनात.