टाकीला काय लावलं होतं

परंड्याला बदली झाली त्या वर्षी मी नवी मोटारसायकल घेतली. मी जनावरांच्या दवाखान्यात आहे. पदानं पशुधन पर्यवेक्षक, पण खेड्यापाड्यात सगळे डॉक्टरच म्हणतात आणि मीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. लसीकरण, रेतन, एखादी अडलेली म्हैस, असं करत रोज चार-पाच गावं व्हायची. आधीची गाडी पंधरा वर्षं वापरून खिळखिळी झाली होती. नवी घेताना मात्र मी पहिल्यांदाच मनासारखा रंग निवडला. काळा, पण चमक नसलेला. मॅट.

शोरूममधल्या माणसानं चावी देताना बजावलं होतं, "साहेब, याला पॉलिश कधी मारू नका. मेण नाही, तेल नाही. कोरड्या फडक्यानं पुसू नका. आधी पाणी मारून धूळ घालवायची, मग साबणाच्या पाण्यात मऊ कापड बुडवून हलक्या हातानं फिरवायचं, तेही सावलीत. घासलं की तेवढाच भाग चकाकायला लागतो आणि मग तो काही केल्या पहिल्यासारखा होत नाही."

मी ते फारच मनावर घेतलं. दर रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत गाडी लिंबाखाली लावून धुवायचो. पेट्रोल भरताना पंपावरच्या माणसाला म्हणायचो, थेंब सांडू देऊ नको, डाग राहतो. टाकीवर औषधांची बॅग ठेवत नव्हतो. बायको म्हणायची, "दवाखान्यात येणाऱ्या म्हशींना एवढं गोंजारता का हो तुम्ही?"

किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका पेंटरचं पत्र्याचं दुकान होतं. साठीच्या पुढचे गृहस्थ. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. तरुणपणी त्यांनी ट्रकच्या फाळक्यांवर मोर आणि कमळं काढली होती, पुढं ट्रॅक्टर रंगवले आणि आता मोटारसायकलींच्या टाक्या. माझ्या जुन्या गाडीची नंबरप्लेट त्यांनीच रंगवलेली, तेव्हापासूनची ओळख. रंग मारायच्या आधी ते जमिनीवर पाणी शिंपडत, धूळ बसली की दाराला ओली चादर लावत आणि वारं असेल त्या दिवशी रंग फवारायची गन हातात धरतच नसत. मी चहाच्या निमित्तानं तिथं बसायचो आणि बाकावरच्या लोकांना मॅट रंग कसा सांभाळायचा यावर भाषण द्यायचो. चाचा हसून म्हणायचे, "डॉक्टरसाबची गाडी बघून शिका. आमच्याकडं येनारच न्हाय ती कधी."

दुसऱ्या उन्हाळ्यात टाकी राखाडी दिसायला लागली. गुडघे लागतात तिथं दोन्ही बाजूंना गुळगुळीत झाली होती. त्यात आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला मेव्हणीचं लग्न आलं. सासरच्या सगळ्यांसमोर ही अशी गाडी न्यायची मला लाज वाटली. गाड्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून मी कारच्या डॅशबोर्डला मारायच्या पॉलिशची बाटली आणली आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी टाकीवर फवारून फडक्यानं चोळली. काय काळीभोर झाली टाकी! मी खूश.

मांडवापर्यंत पोचेस्तोवर तिच्यावर रस्त्याची सगळी धूळ चिकटली. दोन दिवसांनी धुतली तर भज्यांच्या कागदावर उमटतात तसे तेलकट डाग. साबणानं जाईनात. मग मी चिडलो आणि भांड्याची घासणी घेतली. शोरूममधल्या माणसानं जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं ते सगळं मी एका आठवड्यात केलं. डाग राहिले ते राहिलेच, वर ओरखडे आले.

टाकी गाडीवरून उतरवून मी चाचांकडं गेलो. बाकावर दोघं-तिघं बसलेले. त्यातला एक जवळच्या वस्तीवरचा ट्रॅक्टरवाला, बॉनेट रंगवायला टाकून बसला होता. चाचांनी टाकी उजेडात धरली, बोटाच्या मागच्या बाजूनं तपासली.

"डॉक्टरसाब, याच्यावर कायी लावलंय का? पॉलिश, तेल, कायबी?"

ट्रॅक्टरवाला माझ्याकडं बघत होता. त्याला मी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, मॅटला पॉलिश लावणारा माणूस अडाणी.

"नाही चाचा," मी म्हणालो. "फक्त पाणी."

"मंग हे डाग?"

"उन्हानं असतील."

त्यांनी मान हलवली. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. आजारी जनावर बघताना मी मालकाला पहिल्यांदा विचारतो, काय खायला घातलं? मालक लपवतो तेव्हा मी खेकसतो, खरं सांगितल्याशिवाय औषध कसं देऊ? हे सगळं माझ्याच तोंडचं, पण त्या बाकासमोर मला ते आठवलं नाही.

चार दिवसांनी गेलो तर चाचा टाकीपुढं उकिडवे बसले होते. रंग मारला होता, पण तो जागोजागी फाटून बारीक खड्डे पडले होते, आत खालचा प्रायमर दिसत होता. "असं कदी झालं न्हाय," ते म्हणाले. "थिनरमधी खोट आसंल. दुसरं आनतो." त्यांनी सगळा रंग वॉटर पेपरनं घासून काढला आणि पुन्हा मारला. पुन्हा खड्डे.

तेव्हा मी घरी मोबाईलवर शोधलं. एक हिंदी बोलणारा पेंटर व्हिडिओत सांगत होता, डॅशबोर्डच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं, ते राहिलं की रंग धरत नाही, थिनरच्या फडक्यानं पुसलं तर उलट पसरतं, फडक्याला लागतं आणि दुसऱ्या कामावरही जातं. मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. बायकोनं विचारलं, काय बघताय? काही नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवूनच गेलो. चाचांनी कॉम्प्रेसर उघडून जमिनीवर मांडला होता. हवेतून ऑईल येत असेल असं त्यांना वाटत होतं. एकेक नळी ते फुंकून बघत होते. आणि समोर ट्रॅक्टरवाला आपलं बॉनेट दाखवत उभा होता. "चाचा, हे काय? देवी आल्यावानी झालंय सगळं. जमत नसंल तर सांगायचं. वय झालं तुमचं." आणखीही बरंच बोलला. रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती. चाचा बॉनेटवरून हात फिरवत नुसतं "व्हय, व्हय" म्हणत होते.

माझी टाकी पुसलेल्या फडक्यानंच पुसलं होतं ते बॉनेट. मला कळलं होतं. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांत सगळं निस्तरलं असतं. मी म्हणालो, "चाचा, मी नंतर येतो."

तिसऱ्यांदा रंग फाटला तेव्हा त्यांनी टाकी कापडात गुंडाळून माझ्या हातात दिली. "मला माफ करा डॉक्टरसाब. हात चुकतोय. का डोळ्यात फरक पडलाय, कळंना. तुमची टाकी नासवली म्या."

मी टाकी घेतली आणि बार्शी गाठली. तिथल्या पेंटरनंही तेच विचारलं, काही लावलं होतं का? तो मला ओळखत नव्हता, मी त्याला ओळखत नव्हतो. मी लगेच म्हणालो, "हो, डॅशबोर्डचं पॉलिश." तो म्हणाला, "मग बरं झालं सांगितलं." त्यानं सगळा रंग पत्र्यापर्यंत काढला, कसल्याशा द्रावणानं फडकी बदलून बदलून पुसलं आणि दोन दिवसांत टाकी नव्यासारखी करून दिली.

त्यानंतर मी किल्ल्याकडच्या रस्त्यानं जायचं बंद केलं. तरी एकदा बसस्टँडपाशी चाचा भेटलेच. गाडीजवळ आले, वाकून टाकी बघितली. हात लावला नाही, मॅटला हात लावत नाहीत हे त्यांना माहीत होतं.

"कुनी केली?"

"बार्शीला."

"लई साफ हात हाय." मग सरळ होत म्हणाले, "म्या बंद केलं गनचं काम. आता नुसत्या पाट्या. ब्रश चालतो अजून."

तेवढ्यात त्यांची कुर्डुवाडीची गाडी लागली आणि ते लगबगीनं चढले. मला हायसं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

सहा-सात महिने असेच गेले. रविवारी टाकी धुताना मऊ कापड फिरवत असलो की चाचांचं ‘हात चुकतोय’ आठवायचं. शेवटी बायकोला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"

मग चाचांकडं गेलो. दुकानात कॉम्प्रेसर नव्हता. तो करमाळ्याच्या एकाला दिला म्हणे. चाचा एका किराणा दुकानाची पाटी लिहीत बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. पॉलिश, घासणी, व्हिडिओ, सगळं. त्यांचा ब्रश थांबला.

"मंजे माझा हात बरा हुता?"

"हो चाचा."

"आनि डोळे?"

"तेही."

"म्या सोलापूरला जाऊन डोळे तपासून आलो," ते म्हणाले. "डॉक्टर म्हनला, तुमच्या वयाच्या मानानं चांगले हायत. मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन राखाया खोटं बोलतोय." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तवा का न्हाय सांगितलं?"

"लाज वाटली."

"आनि आम्हाला?"

मी म्हणालो, कॉम्प्रेसर परत मिळत असेल तर मी आणून देतो, नाहीतर दुसरा बघू. त्यांनी मान हलवली. "वरीस व्हत आलं. गिऱ्हाईक तिकडं वळलं. आनि आता गन धरली की मनात तेच येनार, फाटतो का रंग." ब्रश थिनरमध्ये बुडवून ते तो पुसत राहिले. "त्या ट्रॅक्टरवाल्याला तेवढं सांगा. मला लई बोलला त्यो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्या वस्तीवर गेलो. ट्रॅक्टरवाला गोठ्यात होता. मला बघून त्याला वाटलं लसीकरणाला आलोय, म्हणून तो दावी सोडायला लागला. मी त्याला थांबवून सांगितलं. तो मला चार शब्द सुनावेल अशी माझी तयारी होती, खरं तर मला ते हवंच होतं. तो मात्र तिथंच दगडावर बसला.

"म्या त्यास्नी भर रस्त्यात बोललो हो डॉक्टर. माझ्या बापाच्या वयाचा मानूस." आणि मग, "हे आदीच सांगायचं नव्हं का?"

तो चाचांकडं गेला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या दवाखान्याची पाटी नव्यानं रंगवायची होती. मी चाचांचं नाव सुचवलं. ते आले, शिडी लावली, दोरी धरून रेघा मारल्या आणि दुपारपर्यंत सगळी अक्षरं पूर्ण केली. कुठं एक थेंब ओघळला नाही. मी बाहेर उन्हात शिडीजवळ उभा होतो. चहा मागवू का, विचारलं.

"नगं," ते म्हणाले.

शिडी धरू का, विचारलं.

"नगं. हालतीया कुठं ती?"

काम झाल्यावर त्यांनी डबे बांधले, सायकलला अडकवले आणि सलाम करून गेले. पाटीवर माझं पदही लिहिलं होतं, पशुधन पर्यवेक्षक. अक्षर सुरेख आलं होतं.