आबांच्या छातीतलं पाणी

माझ्या वडिलांच्या, आबांच्या, छातीत पाणी झालं. धुळ्याला ते सुईनं काढलं तर लालभडक निघालं. "सुई लागली असेल," तिथले डॉक्टर म्हणाले. मी जळगावात पॅथॉलॉजिस्ट; आबांचा हट्ट, पाणी माझ्या पोरीनंच तपासायचं. भावानं बाटली एसटीच्या कंडक्टरच्या हवाली केली. आमच्या साक्रीकडची माणसं लोणचंही असंच पाठवतात.

मला एवढंच पाहायचं होतं, रक्त सुईचं की आधीचं. आधीचं असेल तर कॅन्सरची भीती. सुईचं असेल तर लाल पेशी नुसत्या तरंगतात. आधीपासून सांडत असेल तर मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पेशी त्यांना गिळून जागा साफ करायला लागलेल्या असतात. मनातल्या मनात हात जोडून मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. गिळल्या होत्या. एकेकीच्या पोटात लाल पेशी ठासून भरलेल्या.

मी इरेला पेटले. बाटली तासन्‌तास बसमध्ये, उकाड्यात होती. तेवढ्या वेळात हे जेवण बाटलीतही उरकतं. उगीच मनाची समजूत नव्हती, तसं खरंच होतं. मग मी लोहाचा रंग लावला. गिळलेल्या रक्तातलं लोह पेशीत साठायला काही दिवस लागतात, बसमध्ये ते होत नाही. साठलं असेल तर निळं दिसतं.

निळं दिसलं. काच जिथे सरकवावी तिथे निळं. मला त्या पेशींचा भयंकर राग आला. एवढी टापटीप करायला कुणी सांगितली होती? कॅन्सरच्या पेशी सापडल्या नव्हत्या, पण एका बाटलीत नाहीत म्हणजे छातीत नाहीत, असं मी कुठल्याच पेशंटला सांगत नाही.

एकच वाट उरली. छातीला मार लागला तरी आत रक्त सांडतं. मी आबांना फोन लावला.

"आबा, मांगे तुम्ही कथं पडनात का? मळामा, पायरीवर?"

"नही व माय. मी कसाले पडसू?"

"याद करा ना. जराबी?"

माझा आवाज फाटला. आपला बाप पडलेला असावा म्हणून मी त्यालाच विनवत होते, आणि ते त्याला कळलं असावं.

"हा, पडनू मी," आबा धापा टाकत म्हणाले. "तू रडू नको. तसंच लिखी ले."