लडाखचे पाहुणे आमच्या हरभऱ्यात

मंडळी, सकाळपासून कशातच लक्ष लागत नाहीये, म्हणून लिहितेय.

खटाव तालुक्यातलं आमचं रान तलावाला लागून आहे. पाणी मागं हटलं की तिथं हरभरा करतो, आणि थंडीत त्यावर पट्टकादंब उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली, हंसासारखी मोठी पाखरं. मी दुर्बीण घेऊन बांधावर बसते आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आत्या, ताट बडवून त्यांना हाकलतात. रोजचंच भांडण.

आजही थवा उतरला तशा त्या ताट घेऊन निघाल्या. मी ओरडले, "आवं आत्या, थांबा! ही लडाखवरनं येतात. उन्हाळ्यात ह्यांनी व्हिडिओ पाठवला होता, त्यातली पाखरं हीच!"

'हे' म्हणजे माझा नवरा. फौजेत आहे, सध्या तिकडंच. बर्फानं रस्ता बंद झालाय, सुट्टी पुढं ढकललीय, आणि परवापासून फोनही लागत नाहीये.

आत्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडून दुर्बीण घेतली, पहिल्यांदाच. बराच वेळ बघत राहिल्या. पाखरं खुशाल हरभरा खुडत होती.

मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ह्यास्नी यायला वाट हाय. मग त्यालाच का न्हाई गं?"

मी ह्यांचा नंबर पुन्हा लावत घरात आले.

दुपार झाली तरी त्या दुर्बीण घेऊन बांधावरच आहेत, आणि मी फोन घेऊन घरात येरझाऱ्या घालतेय. तुम्ही काय सांगितलं असतं त्यांना?