घुमतंय

आमच्या सासूबाई घुम्या. कोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे तेच म्हणायचे, आणि पहिल्यांदा म्हणाले असेन ती मीच. एक विचारावं तर उत्तर नाही. जेवायला हाक मारली तर ह्या आपल्या भिंतीकडे बघत बसलेल्या. कान गेलेत हे कळायला आम्हा घरच्या शहाण्यांना नऊ वर्षं लागली.

गेल्या वर्षी त्यांना नौपाड्यातल्या एका क्लिनिकमध्ये कानाचं मशीन बसवायला नेलं. आधीची दोन मशीनं कपाटात पडून होती. नुसता कलकलाट होतो, एवढंच त्यांचं म्हणणं. निघताना बजावलं होतं त्यांनी, "हे शेवटचं हं. नाही जमलं तर पुन्हा मला नेऊ नकोस." हेही नाही जमलं तर ही बाई समोर बसूनसुद्धा कायमची आपल्यात नसणार.

मशीन बसवणारी मुलगी तरुण होती, गोड बोलणारी. तिने ते कानात घातलं, कॉम्प्युटरवर काहीतरी केलं. सासूबाई ताठ बसल्या. म्हणाल्या, "घुमतंय."

"इको येतोय का, आजी? थांबा, कमी करते."

"घुमतंय गं."

तिने आणखी कमी केलं. "आता?"

"आता नाही घुमत," सासूबाई म्हणाल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या.

मी वैतागलेच. "अहो आई, घुमत नाही म्हणजे बरोबर बसलं ना? मग आता आठ्या कसल्या?"

"पारवा घुमत होता गं," त्या म्हणाल्या. "चांगला ऐकू येत होता. कशाला घालवलात?"

मुलीने आवाज पुन्हा वाढवला. मी कान दिला. खिडकीबाहेर एसीच्या डब्यावर खरंच एक पारवा घुमत होता. अर्धा तास मी तिथे बसले होते, धडधाकट कानांची, आणि मला तो ऐकूच आला नव्हता. देवळात घंटा घुमते, अंगात आलेली बाई घुमते, पारवा घुमतो, आणि जो तोंडच उघडत नाही त्यालाही आपण घुमाच म्हणतो. रोजच्या वापरातला हा शब्द एवढा खोल असेल असं कधी वाटलं नव्हतं. आम्ही तिघी कितीतरी वेळ त्या पारव्याचं ऐकत बसलो.

मग मी हळूच विचारलं, "आई, माझं येतंय ऐकू?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "असा आहे होय तुझा आवाज? मऊ आहे की गं. मला आपलं तुझं ओरडणारं तोंड तेवढं दिसायचं. वाटायचं, हिला मी घरात नकोय. म्हणून गप्प बसायचे."

तुम्हाला ऐकू यावं म्हणूनच ओरडायचे हो, असं म्हणता आलं असतं. पण निम्म्या वेळा मी खरंच चिडलेली असायचे, आणि ते त्यांनी बरोबर पाहिलं होतं.

"चुकलं माझं, आई," मी म्हणाले.

एरवी त्यांना कुठलीही गोष्ट तीन-तीनदा सांगावी लागायची. हे एकदाच म्हणावं लागलं.